सुपारीचं ताट आणि एकमताचा ठराव

परिसंवाद या प्रकाराशी माझा संबंध आला तो आभार मानण्यापुरता. पुण्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्राची हंगामी लेक्चरर म्हणून मी लागले, तेव्हा विभागात मी एकटीच बाई. आमच्या विभागप्रमुखांची ठाम समजूत होती की स्वागतगीत, फुलदाणी आणि आभारप्रदर्शन ही कामं देवानंच बायकांच्या नावावर लिहून ठेवलेली आहेत. मला गाता येत नव्हतं आणि मी रचलेली फुलदाणी अध्यक्षांच्या भाषणात हटकून आडवी व्हायची. त्यामुळे आभार माझ्या वाट्याला आले. नोकरी हंगामी होती, आभार कायम होते.

ते पंचवार्षिक योजनेचे दिवस होते आणि जो तो देश घडवायला निघाला होता. घडवायचा म्हणजे आधी त्यावर परिसंवाद घ्यायचा. अन्नटंचाईवर परिसंवाद झाला, तेव्हा दुपारच्या जेवणात जिलबीचा असा काही आग्रह झाला की दुसऱ्या सत्रात अर्धं व्यासपीठ डुलक्या घेत होतं. दारूबंदीवर झाला, त्यात सगळ्यांत पोटतिडकीनं जे गृहस्थ बोलले त्यांच्याकडे प्रकृतीच्या कारणासाठी दारूचा सरकारी परवाना होता. हे सभागृहात सर्वांना ठाऊक होतं आणि कुणीही हसलं नाही. कांद्याच्या भावावर झाला, तेव्हा चाकणच्या बाजारातल्या एकाही माणसाला बोलावलं नव्हतं, कारण विभागप्रमुखांच्या मते "ते लोक विषय सोडून बोलतात." ते भावाबद्दल बोलले असते, एवढंच.

बोलण्याचीही एक ठरावीक चाल होती. प्रत्येक वक्ता "वेळेअभावी दोनच मुद्दे मांडतो" म्हणून सुरुवात करी आणि समोरच्या तांब्यातलं पाणी संपेपर्यंत खाली बसत नसे. प्रश्न नेहमी सर्वांगीण असत, विचार साकल्यानं व्हायचा असे आणि पावलं योग्य दिशेनं पडत. शेवटी ठराव. अध्यक्ष तो वाचून दाखवत आणि चष्म्यावरून बघत म्हणत, "कुणाचा विरोध असल्यास हात वर करावा." कुणी करत नसे. करणार कोण? मागच्या रांगांना ऐकू आलेलं नसे आणि पुढच्या रांगांना जेवायला जायचं असे. "एकमतानं संमत" असं म्हणून अध्यक्ष माझ्याकडे मान वळवत आणि मी उठे. मी उठले की चपला शोधायची वेळ झाली, हे सगळ्यांना सवयीनं कळायचं. माझे आभार मी अनेक वर्षं लोकांच्या पाठींना ऐकवले आहेत.

मला हे सगळं फार मजेचं वाटे. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, पण इथे उंटावर चढायलासुद्धा रांग लागलेली होती. पुढे त्या शेळ्या आमच्याच गावच्या निघाल्या, तेव्हा माझी मजा संपली.

माझं गाव पवनेच्या काठचं, चिंचवड स्टेशनपासून पायी जाण्यासारखं. वडील गावच्या शाळेत मास्तर होते म्हणून मी शिकले. माझ्या बरोबरीच्या मुली तेव्हा लेकुरवाळ्या झालेल्या होत्या. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, माझ्या आत्यानं. नवरा वारल्यावर ती माहेरी आली, पण भावाच्या जिवावर बसून राहिली नाही. तिनं म्हशी पाळल्या आणि दापोडी-खडकीपर्यंत दूध घातलं. माझी कॉलेजची फी त्या दुधातून गेली. हे ती स्वतः कधी बोलली नाही, कारण तिच्याऐवजी सगळं गाव बोलायचं.

आत्या गरीब गाय वगैरे नव्हती. भांडखोर होती, फटकळ होती, आणि दुसऱ्याच्या गोठ्याला नावं ठेवल्याशिवाय तिला जेवण जात नसे. रोज दुपारी ती म्हशी नदीवर न्यायची. म्हशीचं नुसतं पिण्यावर भागत नाही. तिला डुंबायला लागतं. डुंबली नाही तर ती तापते, आणि तापली की दूध आटतं. गावापासून नदीपर्यंत एक गाडीवाट होती. तिची कागदावर कुठे नोंद आहे की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं. गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेनं जात होती, म्हणून ती वाट होती.

मग कारखाना आला. पिंपरीच्या आसपासची माळरानं तेव्हा साखळ्या टाकून मोजली जात होती, तशी आमच्या गावची नदीकडची जमीनही मोजली गेली. जमिनीचा मोबदला मिळाला, त्यावरून गावात जी भांडणं व्हायची ती झाली, ते सगळं वेगळं. आत्याचा प्रश्न वाटेचा होता. कारखान्याला नदीपर्यंत तारेचं सलग कुंपण हवं होतं आणि वाट नेमकी मधून जात होती. ती बंद झाली तर गुरांना रेल्वेचे रूळ ओलांडायचे, मुंबई रस्त्यानं ट्रकांच्या गर्दीतून जायचं आणि लांबच्या वळणानं पुन्हा नदीवर उतरायचं. आत्याचं म्हणणं एवढंच की कुंपण खुशाल घाला, वाटेपुरतं एक फाटक ठेवा. "दुपारचं उघडा, म्हशी आल्या का लावा. कडी मी सोता लावीन," असं ती भेटेल त्याला सांगायची. त्या फाटकावर तिचा सगळा संसार उभा होता.

वाट बंद करायची तर प्रांतसाहेबांना आधी गावाचं म्हणणं ऐकून वर कळवणं भाग होतं. पण गावात सुनावणी ठेवायची म्हणजे कटकट. लोक मोठ्यानं बोलतात. हे प्रांतसाहेब आमच्या विभागप्रमुखांचे ब्रिजमधले भिडू. पत्ते पिसता पिसता दोघांनी ठरवलं की वेगळी सुनावणी कशाला, गावातच परिसंवाद घेऊ. विषय ठेवला 'औद्योगीकरण आणि ग्रामजीवन'. लोकमत तिथल्या तिथे अजमावलं जाईल, ठराव होईल, त्याची नक्कल प्रांतसाहेब वर धाडतील, आणि ज्ञानगंगा खेड्याच्या दारी पोचली म्हणून वर्तमानपत्रात फोटोही येईल. विभागप्रमुखांना ही युक्ती इतकी आवडली की दुसऱ्या दिवसापासून ते ती आपल्या एकट्याची म्हणून सांगू लागले.

मी रविवारी गावी जाऊन आत्याला बजावलं. अध्यक्ष ठराव वाचतील आणि विरोध असेल त्यानं हात वर करावा असं म्हणतील, तेव्हा हात वर करायचा. नाहीतर सगळं कबूल आहे असं धरतात.

"पाटलाच्या म्होरं बाईमाणसानं हात नाचवायचा?" आत्या म्हणाली. "आन् कशापायी? ताट फिरंलच की."

या ताटाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावच्या बैठकीत कुणाच्या तोंडावर नाही म्हणायची पद्धत नव्हती. ज्याला बोलायचं तो बोलायचा, मग गावचे पाटील खूण करायचे आणि सुपारीचं ताट फिरायचं. ज्याला गोष्ट मान्य तो सुपारी उचलून तोंडात टाकी. ज्याला मान्य नाही तो ताटाला बोटं लावून नमस्कार करी आणि ताट शेजाऱ्याकडे सरकवी. आवाज नाही, भांडण नाही. एकानंही सुपारी सोडली तरी बैठक मोडली असं समजायचं आणि विषय पुन्हा पुढच्या वेळी घ्यायचा. मोठमोठे बांधाचे तंटे आमच्याकडे असे मिटले किंवा भिजत पडले. कोर्टात गेलेल्यांपेक्षा भिजत पडलेले सुखी होते.

"आत्या, ते लोक ताट नाही धरत," मी म्हटलं.

"गावात येनार, गावाच्या मांडवात बसनार, आन् ताट न्हाई धरनार?" तिनं मलाच वेड्यात काढलं.

परिसंवाद देवळासमोरच्या मांडवात झाला. टेबलावर चादर, चादरीवर तांब्या, तांब्यावर पालथा पेला. बॅटरीवरचा लाउडस्पीकर पुण्याहून आणला होता. तो माणसापेक्षा स्वतःच जास्त बोलत होता. अध्यक्षस्थानी अर्थातच विभागप्रमुख, त्यांच्या डाव्या हाताला प्रांतसाहेब, उजव्या हाताला मुंबईहून आणलेले एक अर्थतज्ज्ञ. हे अर्थतज्ज्ञ मराठीच होते, पण चहा मागवण्यापलीकडे त्यांना मराठीत काही सुचत नसे. ते इंग्रजीत बोलणार आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगणार, असं ठरलं होतं. समोर घोंगड्यांवर सगळं गाव बसलेलं. बायका एका बाजूला, आणि त्यांच्यात अगदी पुढे आत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून.

अर्थतज्ज्ञांनी फार मोठा पट उलगडला. यंत्रयुग, उत्पादकता, भांडवलनिर्मिती, सगळं झालं. मग ते म्हणाले की औद्योगिक प्रदेशात अनुत्पादक पशुधनाची संख्या क्रमाक्रमानं घटत जाणं अपरिहार्य आणि इष्ट आहे. मी सांगितलं, "साहेब म्हणतात, म्हशी कमी होतील."

"कुनाच्या?" आत्यानं विचारलं.

बाई काय म्हणाल्या, असं अर्थतज्ज्ञांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांना तो प्रश्न भलताच सखोल वाटला. 'मालकीहक्काची समस्या' म्हणत ते नव्या उत्साहानं सुरू झाले आणि प्रांतसाहेबांनी घड्याळ काढेपर्यंत थांबले नाहीत. आत्याच्या म्हशींचा त्यात पुन्हा उल्लेख आला नाही. फाटकाबद्दल गावातल्या कुणी बोलावं, असं सुचवणारी चिठ्ठी मी अध्यक्षांकडे सरकवली. त्यांनी ती वाचली, कौतुकानं मान डोलावली आणि तांब्याखाली ठेवली.

मग ठराव आला. देशाच्या प्रगतीत या गावानं दाखवलेल्या त्यागबुद्धीबद्दल हा परिसंवाद ग्रामस्थांचं मनःपूर्वक अभिनंदन करीत आहे. तसेच नदीकडील वाट बंद करून ग्रामस्थांनी पर्यायी मार्गाचा अवलंब करावा, अशी शिफारस करीत आहे. आधी हार घालायचा आणि मग मान कापायची, ही बोकडासाठीची तऱ्हा मी देवळासमोर पुष्कळदा पाहिली होती. ठरावात ती पहिल्यांदाच पाहिली.

"कुणाचा विरोध असल्यास हात वर करावा," अध्यक्ष म्हणाले.

मांडवात एक हात वर झाला नाही. मी आत्याकडे डोळे वटारून बघत होते. ती शांतपणे पदर सावरत होती. शेवटी मीच हात वर केला. व्यासपीठाच्या टोकाच्या खुर्चीवरून, चांगला कोपरापासून सरळ. अध्यक्ष माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "आभाराला वेळ आहे अजून. थोडं थांबा." आणि समोर बघून म्हणाले, "एकमतानं संमत."

टाळ्या झाल्या, त्या व्यासपीठाच्या. तेवढ्यात पाटलांनी खूण केली आणि ताट निघालं. आधी पाहुण्यांकडे. अध्यक्षांनी सुपारी घेतली, प्रांतसाहेबांनी घेतली, अर्थतज्ज्ञांनी तर मूठभर उचलली आणि थोडी खिशात टाकली. मग ताट खाली उतरलं. पाटलांनी त्याला बोटं लावली, नमस्कार केला, पुढे सरकवलं. शेजाऱ्यानं तेच केलं. त्याच्या शेजाऱ्यानं तेच. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी भावकी, बांधावरून डोकी फोडलेली माणसं, सगळ्यांनी ताटाला बोटं लावून ते पुढे दिलं. बायकांत आलं तेव्हा आत्यानं ते जरा जास्तच वेळ हातात धरलं, आणि मग नमस्कार करून पुढे केलं. इतका पक्का नकार मी त्या गावात कधी पाहिला नव्हता.

अध्यक्षांच्याही नजरेत ते आलं. समारोपात ते सद्गदित होऊन म्हणाले, "पाहुण्यांना कमी पडू नये म्हणून या भाबड्या लोकांनी स्वतः सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. हीच आपली संस्कृती."

मी आभाराला उठले. माइकजवळ गेले आणि म्हटलं, "आभार मानण्याआधी एक गोष्ट नोंदवते. या गावात सुपारी न घेणं म्हणजे नकार देणं. सगळ्या गावानं आत्ता तुमच्यासमोर हा ठराव फेटाळलेला आहे. तो एकमतानं संमत झालेला नाही, एकमतानं नामंजूर झालेला आहे." एवढं मी बोलले, आणि स्पष्ट बोलले. पण मी उठले होते. मी उठल्याबरोबर व्यासपीठ उठलं, खुर्च्या सरकल्या, लाउडस्पीकरनं शिट्टी मारली, आणि माझं शेवटचं वाक्य संपलं तेव्हा नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या. प्रांतसाहेब एका पायात बूट चढवत होते.

मी त्यांना गाठून पुन्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठराव कागदावर आहे. सुपारी कुठल्या रकान्यात लिहू? आणि मी स्वतः घेतली की सुपारी." विभागप्रमुख मात्र मनापासून खूश झाले. "मूक नकार! अहो, केवढा मोठा विषय आहे हा. मला टिपण करून द्या."

त्या संध्याकाळी आत्या लग्न जमवून आल्यासारखी हसतमुख होती. "मोडली बैठक," ती म्हणाली. कुंपण येणार, असं मी तिला पुन:पुन्हा सांगितलं. ठराव झाला तो झाला, त्यांनी सुपाऱ्यासुद्धा खाल्ल्या, असं म्हटलं. "पाहुन्याची सुपारी धरत न्हाईत," ती म्हणाली आणि धार काढायला गेली.

पावसाळा सरल्यावर खांब आले, मग तार आली. पाटील प्रांतांकडे गेले, तर त्यांना ठरावाची नक्कल दाखवली. खाली लिहिलं होतं, 'ग्रामस्थांच्या उपस्थितीत एकमताने संमत'. उपस्थिती खरी होती, त्यामुळे पाटलांना बोलायला जागा राहिली नाही. आत्या पहिले काही दिवस म्हशी घेऊन तारेपर्यंत जायची आणि उभी राहायची. पलीकडे पाणी दिसत होतं. म्हशी तारेला नाक लावून हंबरायच्या. पहारेकरी लातूरकडचा होता, तोही बिचारा अवघडून म्हणायचा, "मावशे, मला कशाला पापात घालायलाव?" मग ती लांबच्या वाटेनं जाऊ लागली. रुळांवर म्हशी बुजायच्या, रस्त्यावर ट्रकवाले शिव्या द्यायचे, आणि उन्हाळ्यात दूध खरोखरच आटलं. मला त्या सगळ्या शहाण्यांची चीड आली. अजूनही येते, वयानं ती कमी होईल असं म्हणतात, पण मला तसा अनुभव नाही.

विभागप्रमुखांचं मात्र सुपारीनं कल्याण केलं. 'मूक नकार : ग्रामीण संमतीची एक पद्धती' असा त्यांचा निबंध ठिकठिकाणी वाचला गेला. माझं टिपण मी दिलं नव्हतं, तरी त्यांचं अडलं नाही. आभाराच्या वेळी त्यांनी नेमकं तेवढंच ऐकलं होतं. त्या निबंधात वाटेचा उल्लेख नव्हता. पुढच्या वर्षी पुण्यात मोठी परिषद भरली, प्रांतोप्रांतीचे प्राध्यापक आले, आणि 'लोकसहभाग' या सत्रात विभागप्रमुखांना या पद्धतीचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमच्या त्या आत्याबाईंना घेऊन या."

"माझी आत्या प्रात्यक्षिकाचं सामान नाही, सर," मी म्हटलं.

ते हसले. "तुमचा कायम होण्याचा प्रस्ताव याच महिन्यात वर जायचा आहे ना?" एवढं विचारून ते दुसऱ्या विषयाकडे वळले. मी नाही म्हटलं आणि विषय माझ्यापुरता संपला.

परिषदेच्या दिवशी सभागृहाच्या दारात मोटार थांबली आणि तिच्यातून आत्या उतरली, तेच ठेवणीतलं लुगडं नेसून. विभागप्रमुख स्वतः गावात जाऊन तिला ठरवून आले होते. मला धक्का बसला. मी तिच्याकडे धावले, पण तिला हाताला धरून थेट व्यासपीठावर नेलं गेलं. अंबाबाईच्या ओटीला शोभेल असं चांदीचं ताट आणलं होतं.

विभागप्रमुखांनी श्रोत्यांना पद्धत समजावून सांगितली आणि म्हणाले, "समजा ठराव असा, की नदीची वाट बंद केली हे योग्यच झालं. आता निरीक्षण करा. या बाई ताटाला बोटं लावतील, नमस्कार करतील आणि ताट पुढे सरकवतील. एक शब्दही न बोलता."

ताट आत्यासमोर आलं. तिनं विभागप्रमुखांकडे पाहिलं. मग मी कोपऱ्यात उभी होते तिकडे पाहिलं. तिनं सुपारीचं खांड उचललं आणि तोंडात टाकलं.

विभागप्रमुखांचा हात नमस्काराच्या दिशेनं हवेतच राहिला. पहिली टाळी पुढच्या रांगेत बसलेल्या प्रांतसाहेबांनी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली. विभागप्रमुख सावरले, असे लोक लवकर सावरतात. "पाहिलंत?" ते म्हणाले. "एका वर्षात केवढं हे परिवर्तन. विकास कळू लागला की नकारही विरघळतो." मुंबईचे अर्थतज्ज्ञ घाईघाईनं काहीतरी लिहून घेत होते.

त्या दिवशी मी आभार मानले नाहीत. कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोक आपापले उठले आणि जेवायला गेले. मी आत्याला घेऊन स्टेशनवर आले. चिंचवडला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी जागा मिळाली. खडकी गेलं तरी माझा राग गेला नव्हता. मला वाटत होतं की हिला मोटारीचा मोह पडला, चार मोठ्या माणसांच्या मानाला भुलली. शेवटी मी विचारलं, "सगळ्या गावानं सोडलेली सुपारी तू एकटीनं खाल्लीस. का?"

"म्हशी दिल्या मी," ती म्हणाली. "सांगवीच्या सोयऱ्यास्नी. तिकडं नदी उघडी हाय, डुंबत्यात मजेत. आता वाट घिऊन काय करू?"

मला हे ठाऊक नव्हतं. मी पंधरवडाभर घरी गेले नव्हते. "मग आलीस कशाला इतक्या लांब?"

"त्यो तुजा मोठा सायेब आलता घरी. च्या प्याला. म्हनला, पोरगी लई हुशार हाय, पन हट्टी हाय. तिचं पक्कं करायचं माज्याच हातात हाय म्हनला."

"आणि सुपारी घ्यायची असं त्यानं सांगितलं?"

"न्हाई. त्येनं कशाला सांगाया पायजे? ताट त्येचं, बैठक त्येची. चार लोकांत त्येच्या ताटाला नकार दिला आसता, तर तुजं काम मोडलं आसतं."

"आत्या," मी म्हटलं, "त्याला तुझा नकारच हवा होता. तू ताट सरकवावंस म्हणून तर तुला नेलं होतं. सरकवलं असतंस तर तो आणखी खूश झाला असता."

ती माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत राहिली. एवढी शिकून पोरीला माणसं कळत नाहीत, असा तो चेहरा होता. "कुनाला आपल्या ताटाला नकार पायजे आसतो, येडे?" ती म्हणाली, आणि पुढे कासारवाडी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला वाटत होतं, मी आनंदानं रडते आहे.

महिनाअखेरीला मी कायम झाले. ते सुपारीमुळे झालं की विभागात इंग्रजीचं मराठी करणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून झालं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आत्याला मात्र पक्कं ठाऊक होतं. मी शनिवारी गावी पोचले तेव्हा ती घरोघर पेढे वाटून आली होती. पेढे तिनं स्वतः चुलीपुढे बसून आटवून केले होते. गोठ्यात कुणी नव्हतं; दावी खुंटाला गुंडाळून ठेवली होती. तिनं एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

"दूध इकतचं हाय, पोरी," ती म्हणाली. "ग्वाड मानून घे."